नरसिंगरावांचा मुका टीव्ही

दिवाळी संपल्यावरच्या एका रविवारी नरसिंगरावांनी ठरवलं, की आजपासून चंपतरावाकडं टीव्ही बघायला जायचं नाही. निर्णय एवढासाच होता. या निर्णयापायी गल्लीत आपल्या चारित्र्याची चर्चा होईल, मस्कतहून विमान पकडून बायको परत येईल आणि एका कावळ्याशी आपले संबंध बिघडतील, असं कोणी त्या वेळी सांगितलं असतं, तर त्यांनी त्यावर ‘अर्जी बेबुनियाद, दाखल दफ्तर’ असा शेरा मारून त्या माणसाला वाटेला लावलं असतं.

शेरे मारायची त्यांना सवयच होती. आंध्रातल्या आदिलाबादजवळ, जैनथच्या मंडल कचेरीत ते सीनियर असिस्टंट होते. वय छप्पन्न. शाळा निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेली. त्यामुळं जुन्या उर्दू मिसली, म्हणजे फायली, वाचता येणारा कचेरीतला शेवटचा माणूस, हा मान त्यांच्याकडं होता. बाकीच्या कारकुनांना तेलुगू येई, इंग्रजी येई, पण कोणा शेतकऱ्यानं निजामी सालातला, तेराशे पन्नास फसलीचा पिवळा कागद आणला, की साहेबसुद्धा म्हणत, "नरसिंगरावांना बोलवा." मग नरसिंगराव चष्मा पुसत, कागद उजेडाला धरत आणि उजवीकडून डावीकडं अशा थाटात वाचत, की ऐकणाऱ्याला वाटावं, निजाम अजून हैदराबादेत बसून आहे. (कागदात काय लिहिलंय हे त्यांना दर वेळी कळेच असं नाही. पण विचारणार कोण?)

घरी मात्र त्यांना बोलवायला कोणी नव्हतं. कुमुदिनीबाई मृगाच्या सुमाराला मस्कतला गेल्या होत्या. विनोदिनी, त्यांची एकुलती एक लेक, तिकडं दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत. पण डॉक्टरनं विनोदिनीला विमानात बसायला मनाई केली, तेव्हा माहेरच विमानात बसून तिच्याकडं गेलं. "तीन महिन्यांत येते," असं कुमुदिनीबाई म्हणाल्या होत्या. मुलगी झाली. मग ‘पाचवी-बारसं होऊ दे’ झालं, मग ‘दिवाळी करून येते’ झालं, मग ‘बाळीला सर्दी आहे’ असं पत्र आलं.

नरसिंगराव दर आठवड्याला उत्तर लिहीत. ‘येथील सर्व क्षेम. कापूस बरा आहे.’ (त्यांचा स्वतःचा एक बोंडही कापूस नव्हता. पण पानभर लिहायचं तर काहीतरी बरं असावं लागतं.) ‘तू ये’ एवढं मात्र त्यांनी एकदाही लिहिलं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांकडं कधी काही मागितलं नव्हतं, आणि घरात कुमुदिनीबाई वरिष्ठ होत्या.

तर तो रविवार. चंपतराव शेजारचा कापूसवाला शेतकरी, आणि गल्लीतला एकमेव टीव्ही त्याचा. रविवारी सकाळी पौराणिक मालिकेला सगळी गल्ली त्याच्या बैठकीत सतरंजीवर. नरसिंगरावांना तेवढी खुर्ची. पण खुर्चीबरोबर एक प्रश्नही मिळे. चंपतरावाची म्हातारी आई बयनाबाई तो विचारी, आणि ऐन मालिकेत विचारी.

"राव, बाई कवा येनार?"

"पुढच्या महिन्यात."

"मागल्या महिन्यातबी तुमी असंच म्हनलं होतं."

सतरंजीवरची तीस डोकी टीव्ही सोडून नरसिंगरावांकडं वळली. पडद्यावर साक्षात देव उभा असताना लोकांनी आपल्याकडं बघावं, आणि तेही कीव करत, हे त्यांना सोसलं नाही. ते उठले, "जरा काम आहे," म्हणाले आणि घरी येऊन दार लावून बसले. काम काहीच नव्हतं. शेजारून मालिकेचं संगीत ऐकू येत होतं आणि मोरीतला नळ गळत होता.

त्या आठवड्याच्या पत्रात कापसानंतर त्यांनी एक ओळ जादा लिहिली: ‘चंपतरावाकडे टीव्हीस जाणे बंद केले आहे.’ ती ओळ वाचून मस्कतला लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जावयानं बाजारात जाऊन ते पाणी पुसायची सोय केली. संक्रांतीला निजामाबादचा एक ओळखीचा गृहस्थ सुट्टीवर आला, तो सासरेबुवांसाठी एक पुडकं देऊन गेला. पुडक्यात टीव्ही होता.

तो खिशात मावत होता.

सोबत जावयाचं चार पानी पत्र होतं. जावई इंजिनिअर, त्यामुळं ख्यालीखुशाली एका ओळीत आणि बाकी सगळा इतिहास. जपान्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी टीव्हीची काचेची नळी चपटी करून दाखवली. एरवी ती मागं लांब शेपटासारखी असते, यात खालून वर बसवली, म्हणून डबा सपाट झाला. त्याच सुमाराला मनगटी घड्याळातही टीव्ही आला, पण घड्याळात फक्त पडदा. बाकी यंत्र खिशात ठेवायचं आणि बाहीतून वायर न्यायची. त्याच्याआधी एका इंग्रजानं केलेला टीव्ही एवढा होता, की तो ठेवायला कोटाला तसाच खिसा लागे. नरसिंगरावांनी हे सगळं पाठ केलं. कचेरीत आणि पोस्टात दोन दिवस दुसरं काही बोलले नाहीत.

"म्हनजे घड्याळात टीवी, अन् टीवीचं यंत्र खिशात," पोस्टमास्तर वामनराव म्हणाले. "मंग टाइम कुठं पाहाचा?"

याचं उत्तर जपान्यांकडं असणार, याबद्दल नरसिंगरावांना शंका नव्हती.

टीव्ही चालू करायची त्यांनी घाई केली नाही. सरकारी माणूस, सगळं बाकायदा. आधी माहितीपुस्तक वाचायचं, मगच बटणाला हात लावायचा. पुस्तकात बारीक टायपात इंग्रजी होतं आणि मोठ्या टायपात अरबी. इथं नरसिंगरावांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी हसू आलं. लिपी तर आपलीच! इंग्रजी काय, कोणीही वाचेल. त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक उजेडाला धरलं आणि उजवीकडून डावीकडं वाचायला बसले.

खोक्यात टीव्हीबरोबर एक हातभर काळी वायर होती. तिच्या एका टोकाला खुपसायची पिन, दुसऱ्या टोकाला बटणाएवढी गोल गोळी. पुस्तकात तिच्या चित्राखाली दोन शब्द होते. पहिला त्यांनी वाचला ‘समा’. पुढं आणखी दोन अक्षरं होती, पण ती छपाईची चूक समजून त्यांनी सोडून दिली. समा म्हणजे आकाश, हे उर्दू शिकलेल्याला कोणी सांगायला नको. दुसरा शब्द तर रोजच्या वापरातला: इज़्न. म्हणजे परवानगी. आकाशाची परवानगी! ही वायर घराबाहेर मोकळ्यावर न्यायची, म्हणजे आकाश चित्राला आत यायची परवानगी देतं. काय भाषा आहे, असं म्हणून नरसिंगरावांनी मान डोलावली. चंपतरावाच्या टीव्हीचीही वायर बाहेर जाऊन छपरावरच्या बांबूवर चढली होती, म्हणजे अर्थ बरोबरच लागला होता.

खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचा आडवा बांबू होता. टीव्ही खिडकीत ठेवून त्यांनी पिन भोकात खुपसली, वायर गजांतून बाहेर काढली आणि गोळी बांबूला सुतळीनं पक्की बांधली. (टीव्हीच्या डोक्यावर एक बारीक चकचकीत दांडीही दुमडलेली होती. ती उचलायला धरायची मूठ असावी, असं ठरलं.) मग देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

चित्र आलं! आदिलाबादचा टॉवर वीस किलोमीटरवर, तिथून निघालेलं चित्र नरसिंगरावांच्या खिडकीत आगपेटीएवढ्या पडद्यावर हलायला लागलं. निळसर, अंधूक, पण माणसासारखं माणूस. त्याचे ओठ हलत होते. आवाज मात्र नव्हता. त्यांनी सगळी बटणं फिरवून पाहिली. ओठ हलत राहिले आणि घरात गळत्या नळाखेरीज काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, गल्ली बघायला लोटली. एका वेळी एकालाच दिसणार, म्हणून रांग लावावी लागली. प्रत्येकानं एक डोळा मिटून दहा मोजेपर्यंत बघायचं आणि पुढं सरकायचं. बयनाबाई कुंकवाची कुयरी घेऊन आली होती, कारण रविवारी टीव्हीवर देव येतो. तिनं भक्तीनं एक जास्वंदीचं फूल वाहिलं, तर फुलाखाली टीव्ही दिसेना.

"राव, हे बोलत काऊन न्हाई?"

"लहान आहे अजून," नरसिंगराव म्हणाले.

"म्हनजे मुका हाय," बयनाबाईनं निकाल दिला. "चाल रे चंपत, आपल्याकडं मोठ्यानं चालू हाय."

रांग मोडली. पाच मिनिटांत नरसिंगरावांच्या दारात एक फूल आणि बिडीची तीन थोटकं उरली.

त्यांनी प्रयत्न सोडला नाही. आदिलाबादला जाऊन एका रेडिओ मेकॅनिकला विचारलं. टीव्ही सोबत नेला नव्हता, एवढी नाजूक वस्तू बसच्या गर्दीत कशी न्यावी? हातानंच आकार दाखवला.

"बोम्म उन्नदा?" मेकॅनिकनं विचारलं. तेलुगूत बोम्म म्हणजे चित्र.

"बोम्म आहे. बोंब नाही."

मेकॅनिकनं नरसिंगरावांचे दोन तळहात आणि त्यांच्यामधली वीतभर जागा नीट निरखली. "साब, इतने छोटे में बोम्मच बैठता. आवाज बैठेगा किधर?"

हे मात्र नरसिंगरावांना पटलं. आवाजाला जागा लागतेच. मोठ्या घरात राहून, गेले आठ महिने त्यांना उलट बाजूनं ते कळत होतं. जागा भरपूर, आणि आवाज नाही.

मग संध्याकाळ अशी जायला लागली. कचेरीतून यायचं, बयनाबाईनं पाठवलेली ज्वारीची भाकर झाकून ठेवायची, खिडकीशी स्टूल ओढायचं आणि टीव्ही लावायचा. मुकी माणसं येत, हसत, रडत, भांडत. टीव्ही लावला की खिडकीत कुठला तरी किडा बारीक किरकिरायला लागे. त्याचा त्यांनी पुष्कळ शोध घेतला, सापडला नाही. आणि त्याच वेळेला एक कावळा येऊन बांबूवर बसे. वायरीच्या गोळीपाशी सरकून, मान वाकडी करून, दिवस मावळेपर्यंत हलायचा नाही.

"तुमचे बाबा असतीन," बयनाबाई म्हणाली. "तुमी एकले पडले ना, म्हून येऊन राह्यले."

नरसिंगरावांना ते खरं वाटलं. वडील तहसिलीत पेशकार होते, आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी घरात कोणी ब्र काढलेला त्यांना खपत नसे. मानही अशीच वाकडी करत. नरसिंगराव कावळ्याला भाकरीचा तुकडा ठेवू लागले. कावळा तुकड्याकडं बघतही नसे. तो केवळ आपल्यासाठी येतो, याचा याहून मोठा पुरावा काय हवा? आपल्याला सोबत करायला जगात अजून कोणीतरी आहे, या विचारानं ते स्टूल खिडकीच्या आणखी जवळ ओढत.

पण कावळा बोलत नव्हता आणि टीव्हीही बोलत नव्हता. एका संध्याकाळी पडद्यावर एक बाई पदराला हात पुसत नवऱ्याला काहीतरी सांगत होती. काय ते कळेना. नरसिंगरावांनी इकडं तिकडं पाहिलं आणि तिच्या वतीनं स्वतःच बोलून टाकलं, बारीक आवाज काढून: "अहो, चहा गार होतोय. पेपर काय पाठ करायचाय?"

मग स्वतःच्या आवाजात उत्तर दिलं: "आलो, आलो."

बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशीही बोलले. हळूहळू पडद्यावरच्या साऱ्या बायका एकाच आवाजात बोलायला लागल्या, आणि तो आवाज कुमुदिनीबाईंचा होता. केसात गुलाब माळलेली बातम्यांवाली बाईसुद्धा गंभीर चेहऱ्यानं सांगे: "नमस्कार. आजच्या ठळक बातम्या. मोरीतला नळ अजून गळतोय. डब्यातले शेंगदाणे कोणी संपवले, याचा तपास चालू आहे." नरसिंगराव तिला समजावत, तिच्याशी भांडत, कधी हरत. नेहमीसारखं.

आता भाकर द्यायला येणाऱ्या बयनाबाईनं लावलेल्या दारातून हे ऐकलं, तर तिनं काय समजावं? एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं, तिसऱ्या दिवशी चंपतरावाला आणून ऐकवलं.

"बाई हाय आतमंदी."

"हौ मा. अन् चांगलीच जुनी ओळख दिसून राह्यली. शेंगदान्यावरून बोलून राह्यली."

बयनाबाई तडक पोस्टात गेली. कुमुदिनीबाई तिला धाकट्या बहिणीच्या ठिकाणी होत्या. तिनं वामनरावांकडून मस्कतला चार ओळी लिहवून घेतल्या. वामनरावांनी पोस्टमास्तर या नात्यानं मजकूर गुप्त ठेवला आणि वामनराव या नात्यानं गावभर सांगितला.

दोन आठवड्यांनी मस्कतहून निरोप आला: गुरुवारी अकरा वाजता पोस्टात फोन करते. नरसिंगराव इस्त्रीचा शर्ट घालून साडेनऊलाच जाऊन बसले. जैनथला त्या दिवशी पोस्टात बरीच गर्दी होती. तिकीट मात्र कोणी घेत नव्हतं.

"हॅलो! अहो, मी बोलतेय!"

आवाज इतका स्वच्छ होता, जणू मोरीतूनच बोलतेय. गेले काही आठवडे नरसिंगराव हा आवाज स्वतःच्या घशातून काढत होते, आणि तो मुळात किती गोड आहे हे विसरले होते.

"हॅलो. बाळी कशी आहे?"

"छान आहे. कान दुखत होता, आता बरा आहे. अहो, ऐका. विनू म्हणते, अजून दोन महिने राहा. तुमची परवानगी असेल तर राहते. राहू का?"

‘राहा’ म्हणायची त्यांना सवय होती. शब्द तोंडापर्यंत आला आणि तिथंच बसला. ‘ये’ म्हणायचं, तर समोर अख्खं गाव उभं. त्यांनी रिसीव्हर घट्ट धरला आणि ओरडले,

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाही!"

"मला तुमचा येतोय! राहू का, म्हणते!"

"आवाज येत नाही!"

पलीकडून प्रश्न आला, "बरं. घरात बाई कोण आहे?"

"क्काय?"

"बाई! रोज संध्याकाळी तुमच्या घरातून बाईचा आवाज येतो म्हणे. कोण आहे ती?"

नरसिंगरावांनी गर्दीकडं पाठ फिरवली. सांगायचं भरपूर होतं. पण ज्या माणसाला आवाजच येत नाही, तो उत्तर कसलं देणार?

"आवाज..." ते क्षीण स्वरात म्हणाले, "येत नाही."

"द्या मले," वामनरावांनी रिसीव्हर ओढून घेतला. "हॅलो! हौ बाई, एकदम साफ येऊन राह्यला! हौ. हौ. विचारतो." मग रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी भरल्या पोस्टात विचारलं, "रावसाहेब, बाई विचारून राह्यल्या, घरात बाई कोन हाय?"

नरसिंगराव काही बोलायच्या आत लाइन कटली. गर्दीतला एकही माणूस जागचा हलला नाही.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. गल्लीत कोणी त्यांच्याशी बोलेना. भाकर यायची, पण उंबऱ्यावर ठेवलेली. ‘बाई कवा येनार’ हा प्रश्नही बंद झाला, आणि तो किती चांगला प्रश्न होता हे नरसिंगरावांना आता कळलं. पत्र लिहायला बसले. ‘येथील सर्व क्षेम’ लिहून थांबले, कारण क्षेम काहीच नव्हतं. फोनवर आपण खोटं बोललो, आणि आता खरं बोललो तरी ते खोटंच वाटणार. कुमुदिनी आता येणार नाही, दोन महिने नाही आणि नंतरही नाही, या भीतीनं त्यांना जेवण जाईना. तेवढा एक कावळा मात्र नेमानं येत होता.

सोळाव्या दिवशी उतरत्या उन्हात आदिलाबादची बस आली. तिच्यातून दोन बॅगा आणि कुमुदिनीबाई उतरल्या. नाक्यावर बयनाबाई भेटली. दोघी गल्लीतून आल्या आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बाईचा आवाज येत होता.

"दोन घास जास्त घ्या. नुसती भाकर चिवडताय."

"आयका आता," बयनाबाई कुजबुजली.

कुमुदिनीबाईंनी दार हळूच ढकललं. आत नरसिंगराव पाठमोरे बसले होते, एकटेच, खिडकीतल्या डबीवर वाकून. पडद्यावर कोणी एक बाई कोणाला तरी वाढत होती.

"भूक नाही," नरसिंगराव आपल्या आवाजात त्या बाईला म्हणाले. "तू नसताना या घरात मला फार एकटं वाटतं. हे पत्रात लिहिता आलं नाही. आणि त्या दिवशी फोनवर मला सगळं ऐकू येत होतं."

"माहितीय मला," मागून कुमुदिनीबाई म्हणाल्या.

नरसिंगराव ताडकन स्टुलावरून उठले. त्यांनी दोन्ही हातांनी टीव्ही धरला, कानाला लावला आणि आनंदानं ओरडले, "बोलला! बोलला! पुन्हा बोल!"

"अहो, मागं बघा."

त्यांनी मागं बघितलं. मग पुन्हा टीव्हीकडं बघितलं, मग पुन्हा मागं. बयनाबाईनं तोंडाला पदर लावला.

"अवो बाई, हे बाई तर तुमीच निंगाल्या!"

कुमुदिनीबाईंनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला, कारण त्या दोन गोष्टी त्यांना एकदमच येत. "एक ‘ये’ म्हणता येत नव्हतं? एक अक्षर! माझा आवाज काढायला आला, स्वतःचा निघेना? आणि मी अशी बोलते? अशी चिरक्या आवाजात?"

ही वेळ खरं बोलायची नाही, एवढं नरसिंगरावांना कळत होतं.

बोलता बोलता कुमुदिनीबाईंची नजर खिडकीबाहेर गेली. "हे काय बांधून ठेवलंय बांबूला?"

"ते आकाशाचं आहे," नरसिंगराव जरा सावरून म्हणाले. "पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. समा, इज़्न. आकाशाची परवानगी."

"कसली परवानगी? उज़्न म्हणजे कान! बाळीचा कान दुखत होता, तर तिकडचा डॉक्टर रोज उज़्न, उज़्न करत होता. अहो, हे कानात घालून ऐकायचं असतं. जावई बसमध्ये घालून बसतात. हे टीव्हीत खुपसलं, की सगळा आवाज यातूनच बाहेर पडतो."

नरसिंगरावांनी चष्मा काढून पुसला. छपाईची चूक म्हणून सोडून दिलेली दोन अक्षरं आता त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. तो शब्द ‘समा’ नव्हताच, समाअतचा सख्खा भाऊ होता. समाअत, म्हणजे सुनावणी. चौतीस वर्षं रोज स्वतःच्या हातानं जो शेरा लिहिला, ‘समाअत मुलतवी’, त्यातला. तीन महिने टीव्ही बोलत होता, आणि नरसिंगरावांनी त्याची सुनावणी बांबूला बांधून मुलतवी ठेवली होती.

"आन् तो कावळा?" बयनाबाईनं विचारलं.

तो किरकिरणारा किडा कोण होता, तेही नरसिंगरावांना कळलं. बाबा आपल्यासाठी येत नव्हते. बातम्यांसाठी येत होते.

कुमुदिनीबाईंनी सुतळी सोडली आणि पिन उपसली. टीव्हीतून असा दणदणीत आवाज फुटला, की बयनाबाई दोन पावलं मागं सरली. पण वायर निघाली आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. कुमुदिनीबाईंनी वरची चकचकीत दांडी उलगडून लांब केली, तरी मुंग्या हटेनात. नरसिंगरावांनी सहज म्हणून दांडीचं टोक चिमटीत धरलं. चित्र लख्ख झालं. सोडलं, की मुंग्या.

"बस्स!" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तसेच उभे राहा." आणि स्टूल ओढून त्या बघायला बसल्या.

नरसिंगराव टीव्हीच्या मागं, दांडी धरून. इथून आवाज झकास येत होता. चित्राची मात्र मागची बाजू दिसत होती. पण तिच्यावरून पलीकडं कुमुदिनीबाईंचा चेहरा दिसत होता, निळ्या उजेडात, आणि तो बघायला त्यांची काही हरकत नव्हती.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"थांबा हो. हलू नका. तुम्ही हललात की मुंग्या येतात."

तेवढ्यात कावळा आला. रिकाम्या बांबूवर बसला, सरकत सरकत नेहमीच्या जागेपाशी गेला आणि मान वाकडी केली. काहीच ऐकू येईना, तेव्हा त्यानं खिडकीतून आत, दांडी धरून उभ्या असलेल्या नरसिंगरावांकडं बराच वेळ पाहिलं.

"बाबा," नरसिंगराव न हलता म्हणाले, "आजपासून बातम्या आत आहेत. या ना."

कावळ्यानं पंख झटकले आणि तो सरळ चंपतरावाच्या अँटेनावर जाऊन बसला.